आरतीला त्यांनी बाहेर का थांबायचं?

*ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझे मिस्टर कळंगुटला एका हॉटेलच्या किचनमध्ये कुक होते. गेल्या वर्षी तापलेल्या तव्याला बोटं टेकली तरी त्यांना कळलं नाही, करपल्याचा वास आला तेव्हा हात ओढला. तपासणीत कुष्ठरोग निघाला. बारा महिन्यांच्या गोळ्या आहेत, आठ पाकिटं झाली. तोंड काळवंडलंय. हॉटेलवाल्यांनी ‘बरे झालात की या’ म्हणून घरी पाठवलं, आता फोन उचलत नाहीत. मी सगळी काळजी घेते. त्यांचं ताट-पेला वेगळं ठेवलंय, पेला ओळखू यावा म्हणून बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, कपडे वेगळे उकळते. ते पडवीत झोपतात. मे महिन्यात थोरल्या जाऊबाई येऊन गेल्या. आता त्यांचा निरोप आलाय की मूळ घरी चवथीच्या गणपतीला या, पण भावोजींनी आरतीच्या वेळी बाहेर थांबावं, जेवण बाहेर पाठवू. लहानपणापासून घरच्या आरतीला घुमट, ते मातीचं चामडं लावलेलं वाद्य, ह्यांनीच वाजवलंय. ते काही बोलत नाहीत, नुसते बसून असतात. माझा भाऊ म्हणतो, असल्या रोगाला कायद्यात घटस्फोट आहे, विचार कर. मुलीला कुडाळकडचं स्थळ आलंय, त्यांना सांगावं का? धाकट्याच्या पाठीवर फिकट डाग आहे, पण तो जंतांचा असणार. चवथीला जावं की नाही?*

*– डिचोली तालुक्यातील एक वाचक*

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न चवथीचा आहे, पण मी सुरुवात त्याच्या आधीच्या ओळीपासून करते. धाकट्याच्या पाठीवरचा डाग. तो जंतांचा असेल, उन्हाचा असेल, कसलाही असेल. लहान मुलांच्या अंगावर असे डाग नेहमी येतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. पण तुमच्या घरात तो अंदाजावर सोडायचा नाही. कुष्ठरोगाचा डाग खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं कोणी त्याच्याकडे बघत नाही. त्या जागी स्पर्श कमी कळतो. डॉक्टर मुलाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकानं किंवा पेनानं हलकंसं टेकवतात आणि ‘कुठे लागलं, बोट ठेव’ म्हणतात. दोन मिनिटांचं काम. याच आठवड्यात डिचोलीच्या आरोग्य केंद्रात न्या, नाहीतर थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचाविभागात. नेईपर्यंत त्यावर लिंबू, मलम काही चोळू नका. आणि समजा निघालंच तर, थोडे डाग असलेल्या रोग्याचे उपचार सहा महिन्यांत संपतात. औषध फुकट आहे. शाळा बुडवायची गरज नाही.

त्याच फेरीत स्वतःला आणि मुलीलाही तपासून घ्या. घरात रोगी निघाला की बाकीच्यांना रिफाम्पिसिन या औषधाची एकच मात्रा देतात, म्हणजे पुढे रोग होण्याचा धोका बराच कमी होतो. तुम्हाला ती दिली का, हे पत्रात नाही. नसेल दिली तर विचारा. विचारायला लाजू नका, तो सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमाचाच भाग आहे. या रोगाचा जंतू फार सावकाश वाढतो, लागण झाल्यापासून पहिला डाग दिसायला सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. म्हणून आज सगळे नितळ निघाले तरी पुढची काही वर्षं दरवर्षी एकदा अंग दाखवत राहा.

आता पेला.

तुम्ही ‘काळजी घेते’ लिहिलंय आणि मला त्यात खोट दिसत नाही. नवऱ्याला टाकून माहेरी न जाता आठ महिने त्याच्या गोळ्या मोजणारी बाई आहात तुम्ही. पण तारखा एकदा ओळीनं मांडून बघा. रोग कळायच्या आधी तो त्यांच्या अंगात होताच, बहुधा काही वर्षं. त्या काळात जंतू जिवंत होते, औषध नव्हतं, आणि तुम्ही एका अंथरुणात झोपत होता, एका ताटातलं उचलून खात होता. मग निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. रिफाम्पिसिनची पहिली मात्रा पोटात गेली की अंगातले बहुतेक सगळे जंतू मरतात आणि थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण व्हायची भीती उरत नाही. नेमकं त्यानंतर तुम्ही ताट वेगळं केलं. भीती होती तेव्हा पेला एक होता, भीती सरली तेव्हा त्याला ठिपका लागला.

तसाही हा रोग पेल्यातून कधीच पसरत नव्हता. औषध न घेतलेल्या रोग्याच्या नाकातोंडातल्या तुषारांतून, तेही दीर्घकाळ जवळ राहिल्यावर, तो पसरतो. हात मिळवून नाही, जेवणातून नाही, कपड्यांतून नाही. आणि शंभरातल्या ९५हून जास्त लोकांच्या अंगात या जंतूला पुरून उरणारी ताकद जन्मतःच असते. तेव्हा ते कपडे उकळणं बंद करा. सरपणाचे नाहीतर गॅसचे पैसे वाचतील. ताट मिसळा. त्यांचं अंथरूण पडवीतून आत आणा, आणि नवराबायको म्हणून राहायलाही काही आडकाठी नाही. डॉक्टर हे आपणहून बोलत नाहीत आणि बायका विचारत नाहीत, म्हणून मी लिहिते.

नेलपॉलिश काढायला रिमूव्हर लागेल. मुलीकडे असेल.

हे सगळं आधी सांगायचं कारण जाऊबाई. त्यांच्या निरोपाचा राग आला असेल, येणारच. पण त्या मे महिन्यात तुमच्याकडे येऊन गेल्या, आणि ‘बाहेर जेवण पाठवू’ हा निरोप त्यानंतरचा आहे. त्यांनी तुमच्या घरात काय पाहिलं? पडवीत अंथरूण पाहिलं, वेगळा पेला पाहिला. त्या माणसाची लग्नाची बायको, जिला डॉक्टरांनी सगळं समजावलंय, तीच इतकी जपते म्हटल्यावर जावेनं काय समजायचं? त्यांनी तुमच्याच घरची रीत थोडी पुढे नेली. गावात माणसाला कसं वागवायचं हे वाड्यावरचे, म्हणजे आळीतले, लोक आरोग्य खात्याच्या पोस्टरवरून ठरवत नाहीत, त्याच्या घरच्यांकडे बघून ठरवतात. म्हणून जाऊबाईंना चार गोष्टी सुनावण्याआधी तुमच्या स्वयंपाकघरातला हिशेब मिटवा. मग सुनावताना जीभ अडखळणार नाही.

त्यांच्या भीतीला मूळही जुनं आहे. गोव्यात मागच्या पिढीतल्या लोकांनी माकाझानचं नाव ऐकत दिवस काढलेत. पोर्तुगीज अमदानीत, १९३०च्या दशकात, डॉ. फ्रोयलानो द मेलो या गोव्याच्याच जंतुशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं सासष्टीत तिथे कुष्ठरुग्णालय उभं राहिलं. तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. कडू कवठाच्या जातीचं तेल टोचायचे, आणि रोग्याला वस्तीपासून दूर नेऊन ठेवायचे. डॅप्सोन आलं ते १९४०च्या दशकात, आणि तीन औषधं एकत्र देण्याची आजची पद्धत आली ती १९८२च्या सुमारास. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या पिढीनं रोगी नेलेला पाहिला किंवा ऐकला, परत आलेला फारसा पाहिला नाही. ती धास्ती घराघरांतून खाली उतरलीय. जाऊबाई दुष्ट आहेत असं मला वाटत नाही. त्यांची माहिती चाळीस वर्षं मागे राहिलीय, एवढंच.

एक मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि हे फक्त तुम्हाला उद्देशून नाही. बाबा आमट्यांचं नाव निघालं की आपण मराठी माणसं हात जोडतो. १९४९ साली वरोऱ्याला उभं राहिलेलं आनंदवन बघायला सहली काढतो, तिथल्या सतरंज्या विकत घेऊन येतो. मग तोच रोग आपल्या माजघरात निघाला की पहिला विचार येतो तो ‘वाड्यावर कळू नये’ हा. वरोऱ्यातला रोगी आपल्याला चालतो. घरातला चालत नाही.

तोंड काळवंडल्याचं लिहिलंत. तो रोग वाढल्याचा पुरावा नाही, गोळीचा रंग आहे. पाकिटातल्या क्लोफाझिमिननं कातडी तांबूस-काळी पडते, गोऱ्या माणसाची जास्त दिसते. औषध संपलं की काही महिन्यांत ती हळूहळू उजळते. महिन्यातून एकदा केंद्रात बसवून देतात त्या मोठ्या मात्रेच्या दिवशी लघवी लालसर होते, ती त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे. वाड्यावरच्या बायका ‘दिवसेंदिवस काळे होत चाललेत’ म्हणतात ना, त्यांना हे सरळ सांगून टाका. उरलेली चार पाकिटं मात्र एक दिवस न चुकता. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून नववं पाकीट अर्धवट सोडणारे पुष्कळ असतात.

आणि एक सावधगिरी, कारण इथेच हात कायमचे जातात. मधेच डाग लाल होऊन सुजले, कोपराच्या आतल्या बाजूची शीर ठणकायला लागली, ताप आला, किंवा पकड ढिली पडून हातातलं निसटायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. याला रिॲक्शन म्हणतात. मेलेल्या जंतूंवर शरीर उठून येतं, त्यात नसा भाजून निघतात. त्यावर वेगळं औषध आहे, पण ते वेळेवर मिळालं तरच बोटं वाचतात. गोळ्या ‘लागू पडल्या नाहीत’ असं समजून बंद करू नका. बारा पाकिटं संपल्यावरही असं होऊ शकतं, तेव्हा रोग परतला म्हणून घाबरायचं नाही आणि घरी बसायचंही नाही.

तुमच्या भावाचं म्हणणं. मायेपोटी बोलला असेल, पण माहिती जुनी आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण देशातल्या काही कायद्यांत खरंच होतं. २०१९ साली संसदेनं कायदा करून हिंदू विवाह कायद्यासह पाच कायद्यांतून ते काढून टाकलं, कारण बऱ्या होणाऱ्या रोगासाठी संसार मोडायची मुभा देणं हा शुद्ध भेदभाव होता. गोव्यात तर गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडे लग्न आणि घटस्फोट अजून पोर्तुगीज कायद्यानं चालतात. १९१०च्या त्या घटस्फोटाच्या कायद्यात संसर्गजन्य रोगाचं कलम आहे, पण रोग ‘असाध्य म्हणून मान्य झालेला’ असावा लागतो. तुमचे मिस्टर चार पाकिटांत बरे होणार आहेत. असाध्य कुठून आणणार? वकिलाकडे जाऊन भावाची खात्री पटणार असेल तर त्याला खुशाल जाऊ दे, फी त्यालाच भरू दे. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात सुटका हवी असल्याचा मला एक शब्दही सापडला नाही.

उलट जपायला हवं ते दुसरंच. आजारी माणसापुढे ‘आता कशाला दगदग’ म्हणत वडिलोपार्जित घराचे, भाटाचे (बागायतीचे) कागद सहीला ठेवण्याची रीत सगळीकडे आहे. तुमच्या थोरल्या दिरांवर मी आरोप करत नाही. पण तसा कागद आलाच तर लक्षात असू द्या: आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरतात, निम्मी तुमची. स्थावराच्या व्यवहाराला तुमची सही लागते. ती घाईत करायची नाही.

मिस्टर बोलत नाहीत, याची मला रोगापेक्षा जास्त काळजी वाटते. ज्या माणसानं शंभर लोकांचं जेवण काढलं त्याला स्वतःच्या घरात खुणेच्या पेल्यातून पाणी मिळतंय. तो बोलेल काय? पेला मिसळल्यावर थोडा फरक पडेल. दोन-तीन आठवड्यांत पडला नाही, जेवण-झोप उडाली, ‘मी नसतो तर बरं’ असलं काही तोंडून आलं, तर वाट बघू नका. १४४१६ हा मनाच्या आजारांसाठीचा टेली मानसचा सरकारी फोन आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. बांबोळीला मानसोपचार रुग्णालयही आहे. तिथे जाण्यात कमीपणा मानू नका. तो मानण्याची घाई आपण फार करतो.

त्यांना हाताला काम द्या, तेही स्वयंपाकाचंच. घरी बसलेल्या कुकला भाजी चिरायला का नाही लावायचं? फक्त त्यांच्या बोटांना ऊन-गार कळत नाही हे धरून चाला. गरम भांड्याला सांडशी किंवा जाड फडकं, झाऱ्याला लाकडी मूठ, चुलीजवळ उघडे हात नाहीत. रोज रात्री दिव्याखाली हातापायांचे तळवे नीट बघायचे: फोड, चीर, काटा. दुखत नाही म्हणून कळत नाही, बघूनच कळतं. साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायचे आणि वरून खोबरेल तेल. तळपाय बधीर असतील तर मऊ रबराच्या खास चपला आरोग्य खात्याकडून मिळतात, मागून घ्या. अनवाणी भाटात जाणं बंद.

हॉटेलवाल्यांना फोन करत बसू नका. उपचार चालू असून यांच्यापासून संसर्ग नाही, काम करू शकतात, असा डॉक्टरांचा दाखला घ्या आणि तो मिस्टरांनी स्वतः नेऊन मालकाच्या हातात द्यावा. घेतील याची हमी मी देत नाही. कातडीचा रंग बघून गिऱ्हाईक काय म्हणेल, हा मालकाचा खरा घोर असतो. नाहीच घेतलं तर मोसमात डबे, चवथीच्या नेवऱ्या, लग्नाच्या ऑर्डरी, हा तुमचा दोघांचा धंदा होऊ शकतो. हाताला कायमचं अधूपण राहिलंच तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांची वेगळी नोंद आहे. दाखला काढला की सरकारी नोकरीतल्या राखीव जागा आणि गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना यांची वाट उघडते.

मुलीचं स्थळ. बायोडेटात वडिलांचा आजार लिहायची काही गरज नाही, तो आनुवंशिक नाही आणि मुलीत त्यामुळे काही उणं येत नाही. पण लपवूही नका. जाऊबाईंना माहीत आहे, भावाला माहीत आहे, म्हणजे साखरपुड्याच्या आत कुडाळपर्यंत पोचणारच. दुसऱ्याच्या तोंडून पोचलं की तो रोग राहत नाही, फसवणूक होते. मुलीनं मुलाशी स्वतः बोलावं, तुम्ही नाही. काय झालं, कोणतं औषध, कधी संपणार, एवढंच. रडवेलं होऊन नको. मुलगा घाबरला तर त्याला डॉक्टरांना भेटायला सांगावं. भेटूनही नको म्हणाला तर लग्नाआधी कळलं म्हणायचं आणि दुसरं बघायचं.

आता चवथ. जा. चौघंही जा.

पण आदल्या दिवशी बोजे घेऊन दारात उभे राहू नका. पंधरा दिवस आधी मिस्टरांना विचारा की थोरल्या भावाला डॉक्टरांशी बोलायला नेलं तर चालेल का. आजार त्यांचा आहे, सांगायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. ते हो म्हणाले तर भावाला केंद्रात घेऊन जा. दिरानं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरी जाऊन जाऊबाईंना तेच समजावतील, तुमच्या सांगण्यापेक्षा ते जास्त चालेल. मूळ घरातही तपासणी हवी असेल तर आरोग्यसेवक येऊन सगळ्यांना बघून जातात.

रागाच्या भरात ‘आम्ही आमचा गणपती वेगळा करतो’ हे मात्र यंदा म्हणू नका. वेगळा झालेला गणपती पुन्हा एक होत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक आहे. एवढं करूनही जाऊबाई ‘बाहेर’ म्हणाल्या, तर वाद न घालता तुम्ही तिघांनीही आरतीला त्यांच्याबरोबर सोप्यावर थांबा. घरातली अर्धी माणसं बाहेर बसल्यावर गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली कोण आणि किती उरतं ते दिरांनाही दिसेल, आणि मला वाटतं तेच हाक मारतील. घुमट मिस्टरांच्याच हातात द्या. जोर कमी पडला तर पुतण्याला शेजारी बसवून ठेका शिकवू देत. वाजवून झाल्यावर बोटं तेवढी बघायची.

राहिला ताटाचा प्रश्न. चवथीला सगळेच केळीच्या पानावर जेवतात आणि पानं मग गुरांपुढे जातात, तेव्हा वेगळं ताट कोण कुठून काढणार? पुरुषांच्या पंगतीत धाकट्याला वडिलांच्या अगदी शेजारी बसवा, आणि खतखतं वाढलं की त्याला सांगून ठेवा, बाबांचं निवलंय का ते आधी तू बोट लावून बघ.